न लावलेला क्लॅम्प

मामा,

तू गाडीच्या आत, डॅशबोर्डखाली आडवा पडून ओरडून विचारलंस, "क्लॅम्प लावला का गं?" मी बाहेर बॉनेटखाली वाकलेली होते. म्हणाले, "लावला."

लावला नव्हता.

हे आधीच सांगून टाकते. शेवटी सांगितलं असतं तर तोवर वाचणाऱ्यांचे डोळे ओले झाले असते आणि त्यांनी मला माफ करून टाकलं असतं. तुला जाऊन सव्वा महिना झाला. एवढ्या दिवसांत भेटलेल्या प्रत्येकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मामाचा लई जीव होता गं तुझ्यावर." होता. म्हणून तर माझ्या एका शब्दावर तू बॉनेट बंद केलंस, स्वतः वाकून बघितलं नाहीस.

गावाच्या फाट्यावर तुझा बॅनर लागलाय. कुणाच्या तरी लग्नातला फोटो, काळा गॉगल, आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो तुझ्या फोटोइतकेच मोठे. तुला लई हसू आलं असतं. मी निलंग्याहून येणाऱ्या एसटीतून तिथं उतरते तेव्हा दुसरीकडं बघते.

आपलं भांडण तू आणलेल्या मीटरपासूनच सुरू झालं होतं. नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर माणसं किड्यामुंगीसारखी मरतात म्हणून आम्ही काही जण मोहीम चालवतो, आणि तिची पत्रकं मी लिहिते. त्या महिन्यात मी 'वेगाचा माज' लिहिलं होतं. गाड्यांचे टर्बो वाढवून, काचेशेजारी चमकणारी मीटरं लावून कॉलेजच्या रस्त्यावरून धूर काढत जाणाऱ्या पोरांना त्यात मी धुतलं होतं. शाई वाळली नव्हती आणि तू नांदेडला आमच्या दारात, हातात खोका घेऊन. खोक्यात बूस्ट मीटर, टर्बोचं प्रेशर दाखवणारं.

"हे घ्या पत्रकबाई, तुमचा गुन्हेगार आला."

"मामा, तूसुद्धा?"

"म्या काय केलं? मीटर हाय ते. मनगटावर घड्याळ बांधलं म्हणून कुणी पळत सुटतंय का?"

मी म्हणाले, या वयात, घरात लग्नाला आलेली पोरगी असताना, तुला हे शोभत नाही. तू शांतपणे पायरीवर बसलास आणि माझ्या आईकडं चहा मागितलास. मग मला समजावून सांगितलंस, शेतात पाणी कसं द्यायचं ते सांगायचास तसं. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तुझी डिझेल गाडी तिसऱ्या हाताची, चढाला दम टाकायची. कंपनीनं एक किलो प्रेशर दिलंय, ते मिळतंय का नाही, एवढंच तुला बघायचं होतं. "जास्त नको मला. एक म्हणजे एक. ठिबकला असतंय तेवढंच की."

"आणि कमी दिसलं तर?"

"तर कळंल. आकडा दिसला की माणूस शहाणा होतंय."

"आकडे प्रत्येक सरकारी ऑफिसच्या भिंतीवर लावलेत मामा. कोण शहाणं झालं?"

तू हसलास. मी ते भांडण जिंकले असं तेव्हा मला वाटलं होतं. आता त्यातलं माझं एकही वाक्य मला नको आहे.

मीटर तू उजव्या हाताला, काचेच्या खांबावर बसवायचं ठरवलंस. रस्त्यावरची नजर न काढता दिसलं पाहिजे म्हणून. माझ्या पत्रकात ज्यांना मी माजलेले म्हणाले होते त्यांच्यातल्या कुणी हा विचार केला असता का, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं, "जेवायला कधी बसायचं?"

काम तसं साधं होतं. टर्बोकडून इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवरची एक बारीक नळी कापायची, मध्ये तीन तोंडांचा जोड घालायचा, आणि तिसऱ्या तोंडातून एक नळी पत्र्यातल्या रबरी बुचातून आत, मीटरपर्यंत न्यायची. पण तू मीटर एवढं लांब बसवलंस की खोक्यातली नळी पुरेना. रविवार होता, स्पेअरपार्टची दुकानं बंद. तू डिकी उघडलीस. आत ठिबकचं बंडल पडलेलं. त्यातली ती काळी, बोरूएवढी बारीक नळी तू ओढून काढलीस आणि दातात धरून फुंकून बघितलीस.

"मापात हाय!"

आपल्या घरात ठिबकवर कुणी शंका घेत नाही. मी सात वर्षांची असल्यापासून सुट्टीत तुझ्या रानात ती नळी जोडलीय. टोक गरम पाण्यात बुडवायचं, मऊ झालं की जोडाच्या दातऱ्यांवर दाबायचं, गार झालं की बैल लावला तरी निघत नाही. तू त्या दिवशी टोक चहाच्या कपात बुडवलंस. आई ओरडली. तू म्हणालास, "आक्का, साखरंनं पक्कं बसतंय." आणि मला म्हणालास, "तुझा हात बारीक हाय, घाल खाली. माझा न्हाई जात."

इंजिनाच्या मागं हात घालायला खरंच जागा नव्हती. मी नळी दाबून बसवली. ओढून बघितली. निघाली नाही. तू आतून म्हणालास, "आता आवळायला क्लॅम्प लाव. तिथं इंजिनाची धग असती." मी क्लॅम्प घेतला, तो बोटातून निसटला आणि खाली कुठंतरी पत्र्यावर टणकन वाजला. त्याच वेळी माझा फोन वाजायला लागला. आमच्या मोहिमेचे विलासभाऊ. लातूरच्या मोर्चाचे फलक छापायला द्यायचे होते आणि मजकूर माझ्याकडं होता. क्लॅम्प शोधायचा तर गाडीखाली झोपावं लागलं असतं. मी मनात म्हणाले, ठिबकला कुठं क्लॅम्प लावतो आपण?

मग तू विचारलंस. मग मी म्हणाले, "लावला."

पहिल्या फेरीला मी शेजारी बसले होते. तू गाडी नांदेडबाहेरच्या रस्त्याला घेतलीस, ॲक्सिलरेटरवर पाय दाबलास, आणि काटा उठून बरोबर एकवर जाऊन थांबला. आपला पोरगा पास झाल्यावर बाप शेजाऱ्यांसमोर जसा गप्प बसतो तसा बसलास. आणि लगेच पाय उचललास. "झालं. बघितलं." एवढाच तुझा माज होता मामा. एकदा बघितलं, पाय उचलला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तुझा फोन आला. मी लातूरला कलेक्टर ऑफिसच्या बाहेर होते, धरण्याचा दुसरा दिवस. भोंग्यावर घोषणा चालल्या होत्या.

"शीतल, काटा पाऊणच्या वर जाईना की गं. टर्बो म्हातारा झाला का काय."

"तुझ्यासारखाच."

"आगं, खरंच विचारायलाव. त्या जोडाचं काय झालं नसंल ना?"

तू विचारलंस. मला क्लॅम्प आठवला. खोटं कशाला बोलू, टणकन वाजलेला आवाजसुद्धा आठवला. माझ्यासमोर एक साहेब गाडीतून उतरत होते आणि मला त्यांच्या हातात निवेदन द्यायचं होतं. मी म्हणाले, "जोडाला काय होतंय? मामा, नंतर बोलते." नंतर बोलले नाही. तूही पुन्हा विचारलं नाहीस.

काटा का उतरला होता ते मला रहीमभाईंनी सांगितलं. तुझी गाडी आता नांदेडला त्यांच्या गॅरेजात उभी आहे, मागची बाजू चेपलेली. त्यांनी बॉनेट उघडलं, तिसऱ्या तोंडाला बोट लावलं आणि नळी नुसती बोटाच्या धक्क्यानं हलली. रानात ती नळी उन्हात असते, पण आत गार पाणी वाहतं. इथं आतून गरम हवा आणि बाहेरून इंजिनाची धग. नळी सैल पडली होती. काही हवा जोडातूनच निसटायची आणि मीटरला उरलेली मिळायची. इंजिनात खरं प्रेशर एक किलोच होतं, काटा पाऊण दाखवत होता.

"काटा झूट बोलरा था बेटा," रहीमभाई म्हणाले. "उनो कसते गए, कसते गए."

तू टर्बोचा, प्रेशर वाढवायचा स्क्रू कसत गेलास, काटा एकवर येईपर्यंत. काटा एकवर आला तेव्हा इंजिनात सव्वाच्या वर असणार. मग त्या सकाळी टर्बोपासून इंजिनाकडं हवा नेणारा जाड पाईप निसटला, गाडीनं काळा धूर सोडला आणि ताकद गेली. तू लातूरला चालला होतास, मामीचा चष्मा आणायला. गाडी हळूहळू कडंला घेतलीस. बॉनेट उघडून उभा राहिलास.

आणि मागून उसाचा ट्रॅक्टर आला. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस हातभर बाहेर. दिवसाढवळ्या. ट्रॅक्टर तुझ्या बाजूनं निघून गेला. मागची ट्रॉली डुलत आली आणि गाडीला मागून धडकली.

अशा दोन-दोन ट्रॉल्यांवर मी तीन पत्रकं लिहिलीत. तुला पाठ होती. तू ती चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचायचास आणि मला फोन करून सांगायचास, "शब्द लई फेकतीस. 'रक्तपिपासू' म्हणून कुणी ट्रॉली सोडत न्हाई. किती जागा ठेवून जायचं ते लिही, ड्रायव्हरला कळंल असं." मी ऐकलं नाही. आमच्या पत्रकांना टाळ्या पडत होत्या. आणि तरी लातूरच्या पहिल्या मोर्चाला तू आलास, शेतातली कामं टाकून, आणि घोषणा न देता पाण्याचा कॅन उचलून मोर्चाच्या मागून चालत राहिलास. मी भोंग्यावर होते. तुला हात करायला विसरले. संध्याकाळी तूच म्हणालास, "आवाज चांगला लागला गं तुझा." तुझ्याकडून मला मिळालेलं असं किती आहे, त्यातल्या एकाचाही मी उच्चार केला नाही. आपल्यात तशी पद्धत नाही. पद्धत चुलीत घाल म्हणून मी दुनियेला सांगत फिरते आणि ही एक मात्र नीट पाळली.

मला राग येतो मामा, आणि तो कुठं ठेवावा ते कळत नाही. ट्रॉलीवाल्यावर आहे, तो राहणार. ठाण्यात "संबंधितांची चौकशी सुरू आहे" म्हणणाऱ्यावर आहे. पण रोज सकाळी दात घासताना जो येतो तो माझ्यावरचा असतो. माझ्या खोट्यामुळं तू त्या ठिकाणी थांबलास. तुला मारलं ट्रॉलीनं. मी यातलं एकच सांगत सुटले असते तर दुसरं झाकलं गेलं असतं, आणि मला झाकायला कुठलं आवडलं असतं हे मला चांगलं माहीत आहे.

विलासभाऊंनी तक्रार लिहून काढली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या निरपराध शेतकऱ्याला, वगैरे. मी त्यांना क्लॅम्पचं सांगितलं आणि म्हणाले, गाडी का थांबली ते यात नाही.

"कोण विचारतंय का थांबली?"

"मी विचारतेय."

"शीतल, अक्कल गहाण टाकली का? साखर कारखान्याचा वकील उद्या म्हणेल, गाडीतच बिघाड होता, घरच्यांनीच केलेला. सगळं मीटरवर जाईल. ट्रॉलीचं नावसुद्धा निघणार नाही."

"मग निघेल असं लिहू."

"तुझं मन मोकळं करायला तक्रार नसते, बाई."

त्यांचं चूक नव्हतं. यासाठीच मी हे तक्रारीत लिहिण्याआधी मामीला सांगायला गेले.

मामी पडवीत तूर पाखडत होती. मी सांगितलं. चहाचा कप, फोन, क्लॅम्पचा आवाज, कलेक्टर ऑफिसबाहेरचं "नंतर बोलते", काही ठेवलं नाही. ती सूप हलवत राहिली. सगळं संपल्यावर म्हणाली, "झालं?"

"झालं."

"तू सांगून हलकी झालीस. म्या कुठं ठेवू हे?"

मी पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. मी तशीच फाट्यावर आले आणि एसटीची वाट बघत तुझ्या बॅनरकडं पाठ करून उभी राहिले. मामा, मला वाटत होतं खरं बोलणं म्हणजे धाडस. तिच्या सुपासमोर ते मला चोरी केलेला माल दुसऱ्याच्या घरात टाकल्यासारखं वाटलं.

पुढं दहा-बारा दिवस तिचा फोन नाही, माझा फोन ती उचलेना. मग एका दुपारी रहीमभाईंचा निरोप आला, "तुमची मामी आलीय. गाडीजवळ उभी आहे." एकटी आली होती, निलंग्याहून दोन गाड्या बदलून. तुझा जुना चष्मा लावून, कारण तिचा नवा अजून लातूरलाच पडलाय. तुझा नंबर तिला कसा चालतो, विचारायचं धाडस झालं नाही.

"दाखव," म्हणाली.

मी बॉनेट उघडलं. कुठं जोड, कुठं नळी, सगळं दाखवलं. तिनं पदर खोचला आणि हात आत घातला. तिचा हात माझ्यापेक्षा जाड, पण तिला रस्ता सापडला. ती नळी तिनं तीन वेळा काढली आणि तीन वेळा बसवली, रानात करते तशी, अंगठ्यानं दाबून, पिळून. मग ओढून बघितली. गार होती, निघाली नाही.

"मीबी न्हाई लावला असता क्लॅम्प," ती म्हणाली.

मी म्हणाले, "पण मामी, त्यानं सांगितलं होतं."

"हाव. त्यानं सांगितलं हुतं."

तिनं हात बाहेर काढला. रहीमभाईंनी फडकं दिलं. ती बराच वेळ बोटं पुसत राहिली, स्वच्छ झाल्यावरही. मला जवळ घेतलं नाही. त्या क्षणी घेतलं असतं तर मला सहन झालं नसतं, हे तिला कळलं असेल, किंवा तिची इच्छाच नसेल. मी विचारणार नाही.

"तक्रारीचा कागद हाय का?" तिनं विचारलं.

होता. पिशवीत दोन्ही होते, विलासभाऊंचा आणि मी पुन्हा लिहिलेला माझा. विलासभाऊंचा काढून दिला असता तर तिनं तोही घेतला असता. मी माझा काढला. तिला बारीक अक्षर वाचता येईना, तेव्हा मीच वाचायला लागले. ट्रॅक्टरचा नंबर, दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, वेळ, जागा. मग: "मीटरच्या नळीला क्लॅम्प नसल्याने मीटर चुकीचा दाब दाखवत होते. ते काम मी केले होते आणि विचारल्यावर खोटे सांगितले होते. त्यामुळे हवेचा पाईप निसटून गाडी रस्त्यात बंद पडली."

"थांब," मामी म्हणाली.

मला वाटलं, ती क्लॅम्पचं वाक्य काढायला सांगणार. त्या एका क्षणात मला तसं व्हावं असं वाटलंही. हे पण लिहून ठेवते.

"रस्त्यात बंद पडली न्हाई. रस्त्यात बंद पडली म्हणलं की लोक म्हणत्याल, आडवी लावली असंल. त्यानं कडंला घेतली हुती. टपरीवाल्यानं बघितलंय, पांढऱ्या पट्ट्याच्या पार बाहेर. गाडी मरायला लागली तरी दुसऱ्याच्या वाटंत नको म्हणून कडंला घेतली. तसं लिही."

मी गाडीच्या टपावर कागद ठेवला, ओळ खोडली आणि वर लिहिलं: चालकाने गाडी पूर्णपणे रस्त्याच्या कडेला घेतली होती.

"वाच."

वाचलं.

"आता बराबर हाय," ती म्हणाली, आणि तिथंच, तुझ्या टपावर, तुझ्या चष्म्यातून डोळे बारीक करत तिनं माझ्या सहीखाली आपली सही केली.